बारा रंग आणि बोटभर काजळ

“पोरी, एक गोष्ट गाठीला बांध. डोळ्याला लागणारी वस्तू सतरा जणींत तशीच फिरवायची नसते. एकीचं झालं की ब्रश धू, हात धू, मग दुसरीला हात लाव. रंग कितीही भारी असू दे, डोळा त्याहून भारी.”

नारायणगावच्या पेठेत बांगड्यांच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या पानबाईंनी तेजस्विनीला हे सांगितलं, तेव्हा तेजस्विनी हसली. “अहो आजी, मी कोर्स केलाय,” म्हणाली आणि माझं झाकण टपकन मिटून तिनं मला पर्समध्ये टाकलं.

मित्रांनो, ते हसणं मी विसरले नाही. मी काहीच विसरत नाही. माझा स्वभावच तसा आहे.

मी एक जुनी आयशॅडोची पेटी आहे. आयशॅडो म्हणजे पापण्यांवर लावायचे रंग. तळहाताहून थोडी मोठी, काळी, सोनेरी काठाची, झाकणात आरसा आणि आत बारा रंगांच्या बारा चकत्या. आज माझा आरसा तडकला आहे. एक बिजागरी निखळली आहे. वारूळवाडीतल्या एका कपाटात, जुन्या स्वेटरांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत करकचून गुंडाळलेली अशी मी पडून आहे. जिनं मला इथं कोंडलं तिला वाटतं की पेटीला तोंड नसतं.

ऐका तर मग.

माझा जन्म फार दूरच्या देशात झाला. अभ्रकाची पूड पिठासारखी बारीक दळली, त्यात रंग कालवला, तेलाचा हात दिला आणि लोखंडी ठशाखाली असं दाबलं की माझा जीव गोळा होऊन चकतीच झाला. माझ्या पाठीवर त्यांनी उघड्या डबीचं एक इवलं चित्र छापलं आणि त्यावर बाराचा आकडा घातला. उघडल्यापासून बारा महिने वापरा, मग निरोप द्या, असा त्याचा अर्थ. ते चित्र अजून कुणी वाचलेलं नाही.

तिथून मी आले ती थेट पानबाईंच्या दुकानात. त्यांची नातसून खुशबू बांगड्यांच्या शेजारी लाली-पावडरचं काउंटर सांभाळते. कुणा गिऱ्हाइकासाठी तिनं मला मागवलं होतं, ते गिऱ्हाईक फिरकलंच नाही. मग मी काचेच्या कपाटात मेंदीच्या कोनांशेजारी बसले. माझी किंमत साडेसहा हजार. बायका काचेला नाक लावून बघायच्या आणि म्हणायच्या, “बया! एवढ्यात तर पैठणी येती.” आणि कोन घेऊन निघून जायच्या.

फक्त एकजण रोज यायची. तेजस्विनी.

ती मूळची डिंभ्याची. धरणाच्या काठावर वाढलेली, एसटीची वाट बघत बघत बी.एस्सी. झालेली. लग्न होऊन वारूळवाडीत आली आणि नवऱ्यानं, म्हणजे सुदर्शननं, पुढच्या खोलीत आरसा लावून दिल्यावर नवरीमुली सजवू लागली. पदरात दोन महिन्यांची मुलगी होती, शिवन्या. त्या मुलीला घरी सासूजवळ ठेवून तेजस्विनी पेठेत यायची, पण अर्धा जीव घरीच असायचा. दर दहा मिनिटांनी फोन. “आई, उठली का? कुशीवर झोपलीये का पालथी? पालथी नको हं.” फोन ठेवला की पुन्हा काचेतून माझ्याकडे बघायची.

तीन आठवडे ती नुसती विचार करत होती. मोबाइलवर तिनं माझ्याबद्दलचे सगळे व्हिडिओ पाहिले. एक बाई म्हणायची घ्याच, दुसरी म्हणायची पैसे पाण्यात. आणि गंमत म्हणजे माझ्याच शेजारी, खालच्या फळीवर, माझ्यासारखीच एक पेटी होती. तोच काळा रंग, तोच सोनेरी काठ, बाराच चकत्या. किंमत अडीचशे.

“खुशबू, खरं सांग,” तेजस्विनीनं शेवटी विचारलं, “दोघींत फरक काय?”

खुशबू काही बोलायच्या आत गादीवरून पानबाई म्हणाल्या, “फरक दुकानात नाही दिसणार, बेटा. उन्हात दिसेल. एका डोळ्याला ही लाव, दुसऱ्याला ती. बाजार कर, घरी जा, लेकराला पाज, स्वयंपाक कर. दुपारी तोंड न धुता ये. मग मी सांगते.”

आणि ती खरंच तशी गेली! उजव्या पापणीवर मी, डाव्या पापणीवर ती अडीचशेची. टोमॅटो मार्केटमध्ये सुदर्शनला डबा द्यायला गेली, तर क्रेट उचलणाऱ्या बायका खो खो हसल्या. “वहिनी, एकाच डोळ्याचं लगीन हाय का ओ? दुसरा काय वऱ्हाडी हाय व्हय?”

दुपारी ती परत आली. घामानं चेहरा निथळत होता. पानबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. डावी पापणी मळकट झाली होती, रंग घडीत जाऊन बसला होता. उजवीवर मी सकाळी होते तशीच होते.

“घे,” पानबाई म्हणाल्या. “सजवणं हे तुझं पोटापाण्याचं काम आहे, तर घे. नुसती हौस असती तर नको म्हटलं असतं.” आणि मग ती सूचना केली, जी मी सुरुवातीला सांगितली. आणि तेजस्विनी हसली.

आमचं सुरुवातीला फार छान जमलं. माझ्या रंगांची इंग्रजी नावं तिनं बाजूला ठेवली आणि आपली नावं दिली. लाल तो टोमॅटो. जांभळा तो द्राक्ष. करडा-निळा तो डिंभ्याचं पाणी, कारण संध्याकाळी धरण तसंच दिसतं, असं ती म्हणायची. पिवळसर काळा तो हिरडा. काम झालं की मऊ फडक्यानं माझा आरसा पुसायची. त्या दिवसांत ब्रशही धुवायची.

मार्गशीर्षात खोडदच्या अक्षदाचं लग्न आम्ही केलं. बागायतदाराची मुलगी, हजार माणूस. अक्षदा पाठवणीला धाय मोकलून रडली, पण पापणीवरचा टोमॅटो तसूभर हलला नाही. बायका म्हणाल्या, “पोरगी रडली पण रंग न्हाई रडला.” तेजस्विनीच्या फोनवर त्या महिन्यात पाच लग्नं आली.

मग संक्रांत आली.

अक्षदाची एक आत्या आहे, अंजना. नांदायला गेली आणि सहा वर्षांत परत आली. मूलबाळ नाही, एवढंच कारण. तेव्हापासून भावाच्या, भगवंतरावांच्या, घरी खोडदलाच असते. जीभ तिखट. चार बायका जमल्या की मधोमध अंजनाआत्या. त्यांच्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेजस्विनीही गेली होती, शिवन्याला कडेवर घेऊन. तिळगूळ वाटून झाला आणि अंजनाआत्यानं आतून एक पेटी आणली. काळी, सोनेरी काठाची.

“बघा गं बायांनो! ह्या तेजस्विनीनं आमच्या अक्षीला लावलेली भारीतली पेटी. साडेसहा हजाराची म्हणं! आठवडे बाजारात अडीचशेला ढिगानं पडल्यात. डुप्लिकेट लावून आमच्याकडनं भारीचं पैसं घेतलं, राव!”

हशा पिकला. तेजस्विनीचा चेहरा पांढराफटक पडला. “आत्या, ती वेगळी आहे. माझ्याकडं पावती आहे.”

“पावती काय, झेरॉक्सच्या दुकानात बी मिळती की गं,” आत्या म्हणाली, आणि बायका पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीनं पावती नेऊन दाखवली. ती वाचायलाही कुणी हात पुढं केला नाही. आठवड्याभरात पाचही लग्नं गेली. कुणी कारण दिलं नाही. कुणी म्हणालं पुण्याची पार्लरवाली येतेय, कुणी फोनच उचलला नाही. सहा वर्षं उभं केलेलं नाव एका हशात गेलं. सुदर्शन म्हणाला, “जाऊ दे गं, लोक विसरतील.” ती शिवन्याला पाजत होती आणि भिंतीकडे बघत होती.

मित्रांनो, तुम्हाला कुणी खोटं म्हटलं आहे का? खरे असूनही? मग तुम्हाला कळेल. माझ्या जन्मावरच बोट ठेवलं होतं तिनं. त्या दिवसापासून पर्समधल्या अंधारात, मिटल्या झाकणाखाली मी एकच गोष्ट घोळवत होते. एकदा, फक्त एकदा, ती बाई माझ्यासमोर बसू दे. तिच्या पापण्या माझ्या समोर येऊ देत.

मी एकटी नव्हते. तेजस्विनीही तेच घोळवत होती. मला कसं कळलं? महिनोन्महिने तिनं मला नुसतं उघडलं आणि मिटलं. उघडलं आणि मिटलं. पुसायची नाही. ब्रशांवर धूळ बसली, तरी तिनं ते धुतले नाहीत.

वैशाखात संधी चालून आली.

खोडदच्याच भावकीतलं लग्न. नवरी आरती. ठरलेल्या पार्लरवालीची गाडी घाटात बंद पडली आणि आरतीच्या आईनं रडकुंडीला येऊन तेजस्विनीला फोन केला. “ये बाई लगेच, मुहूर्त बाराचा हाय.” तेजस्विनीनं मला उचललं, शिवन्याला सासूच्या, अंबाबाईंच्या, कडेवर दिलं, आणि आम्ही सगळेच कार्यालयात पोचलो. शिवन्या तेव्हा आठ महिन्यांची. अंगावर पिणारी, त्यामुळे तिला मागं ठेवून चालणार नव्हतं.

आरती सजली. छानच सजली. मग बायकांची रांग लागली, कारण आमच्याकडे नवरी एकटी सजत नाही. मावशी, काकू, मामी, करवली, सगळ्यांना “जरासं लाव की गं” असतं, आणि नाही म्हटलं की रुसवा. तेजस्विनी एकेक उरकत होती. करवली बसली, आरतीची धाकटी बहीण. उजवा डोळा लाल. कडेला पिवळट चिकटलेलं.

“डोळा आलाय का गं तुझा?”

“सकाळपासनं खुपतंय ताई. पण लावा ना. सगळे फोटोत असणार.”

तिला परत पाठवायला हवं होतं. पण ती रडायला लागली, आणि तेजस्विनीनं पटकन जांभळा फिरवला. द्राक्ष. मग ब्रश वेगळा काढून ठेवला, स्पिरिटच्या बाटलीजवळ. बाटलीचं झाकण उघडायला हात नेला, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“काय गं, तीच का ती डुप्लिकेट? लाव मला बी. आत्याला नटवल्याशिवाय नवरी मांडवात न्यायची न्हाई, ठाऊक हाय ना?”

अंजनाआत्या खुर्चीत बसली. स्वतःच्या डबीतलं काजळ तिनं आधीच घातलं होतं, दाट. तिनं डोळे मिटले.

मी पाहिलं ते सांगते. तेजस्विनीचा हात बाटलीवर होता. तो तिथं थांबला. तिनं आत्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहिलं. मग हात बाटलीवरून उठला आणि त्याच ब्रशवर आला. तोच ब्रश. तिनं तो माझ्या जांभळ्या चकतीवर टेकवला.

आणि मी रंग दिला. मित्रांनो, मी हात आखडता घेतला नाही. जितका मागितला त्याहून जास्त दिला. “घे,” मी मनात म्हणाले, “हा डुप्लिकेटचा प्रसाद.” तिनं डावी पापणी रंगवली, उजवी रंगवली, वरून बोटानं नीट पसरवलं, काजळाच्या रेघेपर्यंत. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

“छान दिसतंय की,” आत्या आरशात बघून म्हणाली. आवाज जरा मऊ झाला होता. “मी काय म्हणते तेजू, संक्रांतीला मी जरा जास्तच बोलले. माझ्या तोंडाला लगामच न्हाई बघ. वाईट वाटून घेऊ नको.”

तेजस्विनीनं मान खाली घातली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ती ओला कापूस घेईल, “आत्या, थांबा, पुसून परत करते” म्हणेल. पण तिनं माझं झाकण मिटलं. माफी फार उशिरा आली होती. ब्रश आधीच फिरला होता.

तेवढ्यात अंबाबाई शिवन्याला घेऊन आत आल्या. “रडतीय गं, पाज हिला.”

शिवन्यानं पिवळं परकर-पोलकं घातलेलं, डोक्याला मोत्यांची पट्टी. अंजनाआत्याचा चेहरा एकदम फुलला. मूल नसलेल्या बाईचा चेहरा मूल पाहून जसा फुलतो, तसा.

“अगं माझी ठकी! किती गोड गं! मांडवात एवढी माणसं, दृष्ट लागंल माझ्या सोनीला.”

आणि तिनं काय केलं माहीत आहे? जे आमच्याकडे प्रत्येक आजी, प्रत्येक आत्या करते. उजव्या हाताचं बोट स्वतःच्या डोळ्याच्या कडेवरून फिरवलं, काजळ उचललं, आणि शिवन्याच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, काळा ठिपका लावला. तीट. दृष्ट लागू नये म्हणून. स्वतःच्या डोळ्यातलं काजळ, म्हणजे स्वतःचीच माया काढून दिल्यासारखं.

त्या काजळात कुठला रंग मिसळला होता ते तेजस्विनीला ठाऊक होतं. मलाही.

पुसायला हवं होतं. त्या क्षणी, सगळ्यांसमोर. पण बाळाची तीट कुणी पुसतं का? अंबाबाईंनी विचारलं असतं, “का गं पुसतीस? अपशकुन!” आत्यानं विचारलं असतं, “माझ्या हाताला काय झालंय?” आणि मग तेजस्विनीला सांगावं लागलं असतं. ती नुसती उभी राहिली. मुठी वळून. तिची नजर त्या ठिपक्यावरून हलत नव्हती. आत्या शिवन्याला हसवत बसली, गाल कुरवाळत. आणि शिवन्यानं, झोप आलेली सगळी बाळं करतात तसं, मुठीनं डोळा चोळला.

आत्या बाहेर गेल्यावर तेजस्विनीनं ओल्या फडक्यानं लेकीचा चेहरा पुसला, हात पुसले, पुन्हा पुसले, इतके की शिवन्या रडायला लागली. अंबाबाई म्हणाल्या, “अगं सोलतीस का काय पोरीला?”

दोन दिवसांनी शिवन्याचा डोळा लाल झाला. तिसऱ्या दिवशी सुजला. चौथ्या दिवशी सकाळी तो उघडेचना. पापण्या चिकटलेल्या, गाल तापलेला, आणि ती आईच्या छातीवर डोकं घासून नुसती कण्हत होती. सुदर्शननं गाडी काढली. नारायणगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी हळूच उघडली, तशी शिवन्या अशी किंचाळली की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

“बुबुळाला सूज आलीय,” डॉक्टर म्हणाले. “वेळेवर आणलंत. आता तासातासाला थेंब घालायचे, चुकवायचं नाही. नजरेवर काही राहतंय का ते आठवड्यानं कळेल. काय लावलं होतं डोळ्याला? काजळ?”

तेजस्विनीचे ओठ हलले. तिच्या आधी अंबाबाई बोलल्या. “खोडदच्या अंजनीनं बोट लावलं व्हतं सायेब. तिच्याच डोळ्यातलं.”

“असं कधी करू नका,” डॉक्टर म्हणाले. “एकाच्या डोळ्यातलं दुसऱ्याच्या डोळ्यात जातं.”

तेजस्विनी खाली बघत बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून. पर्समध्ये मी होते.

तो आठवडा आठवला की माझ्या चकत्यांना अजून भेगा पडतात. तेजस्विनीनं घड्याळ समोर ठेवलं होतं. थेंब घालायची, हात धुवायची, पुन्हा घड्याळ बघायची. शिवन्याचा चांगला डोळा तळव्यानं झाकून दुखऱ्या डोळ्यापुढं लाल चमचा फिरवायची. चमच्यामागं नजर फिरते का बघायची. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबायची, मग येऊन पुन्हा चमचा धरायची. सहाव्या दिवशी सकाळी बुबुळ हललं. चमच्याबरोबर डावीकडून उजवीकडे, संथ. शिवन्यानं हात पुढं करून चमचा ओढला आणि तोंडात घातला. तेजस्विनी जमिनीवर बसली ती तासभर उठली नाही.

आणि माझ्या सुडाचं काय झालं?

माझा सूड पुरा झाला होता, मित्रांनो. मी मागितला होता त्याहून दसपट. अंजनाआत्याचेही डोळे सुजले, पंधरा दिवस ती अंधारात पडून होती. पण ते काहीच नव्हतं. अंबाबाई पाण्याच्या टाकीजवळ बायकांना सांगत होत्या, “सवताला लेकरू न्हाई, दुसरीचं बघवतंय व्हय? बोट लावलं नि पोरीचा डोळा गेला व्हता. देवानं राखलं.” वारूळवाडीतनं हे नारायणगावला गेलं, नारायणगावातनं खोडदला. बारशाला आत्याला बोलावणं बंद झालं. ती समोरून आली की बायका बाळाच्या डोक्यावर पदर ओढायच्या. जिनं मला डुप्लिकेट म्हटलं, तिला गावानं वाईट नजरेची म्हटलं. खोट्याला खोटं. फिट्टंफाट. मला हसायला हवं होतं. मी हसलेही, दोन दिवस.

तेजस्विनी कणीक मळता मळता हे सगळं ऐकायची. आणि मळत राहायची.

महिन्यानं एकदा ती मला पर्समध्ये घालून खोडदला गेली. मला वाटलं, आता सांगणार. भगवंतरावांच्या घराच्या पडवीतून रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या दिसतात, आकाशाकडे तोंड केलेल्या. पडवीत अंजनाआत्या एकटीच बसली होती, काळा चष्मा लावून, शेंगा सोलत.

“तेजू! ये बाई,” ती धडपडत उठली. आणि पहिलाच प्रश्न, “पोरगी कशी हाय?”

“बरी आहे आत्या. दिसतंय नीट.”

“देव पावला.” आत्या खाली बसली. मग हात पुढं करून बोटं दाखवली. उजव्या हाताच्या त्या बोटाचं नख मुळापासून काढलं होतं, मांस दिसेल इतकं. “काजळाची डबी विहिरीत टाकली. आता कुणाच्या लेकराला हात न्हाई लावत मी. लोक म्हणत्यात ते खरंच असंल बघ. माझ्याच बोटात काहीतरी वंगाळ असंल. न्हाईतर देवानं मला लेकरू का दिलं नसतं?”

तेजस्विनीचा हात पर्सच्या चेनवर होता. बोल, मी म्हणत होते. काढ मला बाहेर. सांग की दोष तिच्या बोटाचा नव्हता. ब्रश तुझा होता, रंग माझा होता, आणि राग आपल्या दोघींचा.

“चहा घेशील?” आत्यानं विचारलं.

“घेते,” तेजस्विनी म्हणाली.

तिनं चहा घेतला. शेंगांची पिशवी घेतली. आणि परत आली. त्या संध्याकाळी तिनं मला इतक्या जोरात फरशीवर आपटलं की माझा आरसा तडकला. मग दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटात, स्वेटरांखाली कोंबलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला कोंडलं म्हणजे तिनं केलेलं कोंडलं गेलं असं तिला वाटतं. लेकीसाठी ती भली आई आहे, हे मी कबूल करते. शिवन्याची नखं ती रोज तपासते, कुणाला तिच्या डोळ्याजवळ बोट नेऊ देत नाही, प्रत्येक ब्रश आता साबणानं आणि स्पिरिटनं दोनदा धुते. लग्नं पुन्हा येऊ लागली आहेत. कारण आता लोक म्हणतात, “बिचारी तेजू! त्या अंजनीनं तिची पोरगी जवळजवळ आंधळी केली व्हती.” त्या बिचारेपणावर तिचं नाव परत उभं राहिलं आहे. आत्याच्या नावाची माती करून.

म्हणून हा माझा दुसरा सूड, आणि तो तिच्यावर. मी सांगितलं. सगळं सांगितलं.

तुम्ही विचाराल, मग तुला घ्यावी की नाही? साडेसहा हजार वाजवी होते का? माझा रंग खरा होता, मित्रांनो. तो उन्हात टिकला, रडण्यात टिकला. पानबाईंनी मला दोन डोळ्यांवर पारखलं. ज्या हातात मला दिलं त्या हाताला कुणी असं उन्हात उभं केलं नाही. मला घ्यायची असेल तर घ्या, पण प्रत्येकीनंतर ब्रश धुवा. बारा महिने झाले की मला निरोप द्या. दुखऱ्या डोळ्याला नाही म्हणा, तो रडला तरी. आणि बाळाला तीट लावायचीच असेल तर स्वतःच्या डोळ्यातून नको, गालावर तर नकोच.

आणि आणखी एक. माझे बारा महिने कधीच संपले आहेत. मी काही खोडदपर्यंत जाऊ शकत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं गेलं, तर भगवंतरावांच्या पडवीत डोकवा. काळा चष्मा लावून एक बाई शेंगा सोलत बसलेली असेल. तिला विचारा, कशी आहेस आत्या? जेवलीस का? मग सांगा, दोष तुझ्या बोटाचा नव्हता. आणि तुमच्यासोबत बाळ असेल, तर तुमचे आणि तिचे हात धुवून त्याला घटकाभर तिच्या मांडीवर ठेवा. ती नको म्हणेल. तरी ठेवा.